शेऱ्याचा रकाना

टेपचं एक टोक याकोब तिरपुडेंच्या अंगठ्याखाली,
दुसरं माझ्या हातात.
मध्ये साडेबारा मीटर सावली
आणि एक कुत्री, जी उठायला तयार नाही.

बांधकाम विभागाला हवंय एवढंच:
लांबी, रुंदी, उंची, आजची अवस्था,
आणि रस्ता चौपदरी झाला
तर पोर्च किती आड येतो.
मी लिहिते: काळा पाषाण, चुन्यातलं काम.
टोकदार कमानी, सात.
पुन्हा मोजते. सहा.
सातवी उन्हानं फरशीवर पाडलेली.

"नकाशा कुठला होता, काका?"
"थो तं मोठ्या शहराचा. तिथलं देऊळ हत्तीएवढं.
इथं पैसे सरले,
मंग साहेबानं कागद दुमडला अन् म्हने,
दिसते तेवढंच बांधा."

ती घडी अजून दिसते.
मनोरा जोरात सुरू होतो
आणि चिंचेच्या शेंड्यापाशी आल्यावर
काहीतरी विसरल्यासारखा थांबतो.
घड्याळासाठी गोल भोक ठेवलंय.
घड्याळ आलंच नाही.
भोकात घुबड राहतं, तिन्हीसांजेला निघतं.
याकोब त्यावर दिवाबत्ती करतात.

समोरच्या तहसील कचेरीला याच कमानी,
हाच दगड, हाच गवंडी.
म्हणून आडगावची माणसं चुकून इकडे येतात
सातबारा मागायला,
आणि गारव्याला बाकावर बसून राहतात.
कोणी त्यांना उठवत नाही.

गवंड्याचं नाव पैकू बेलदार.
ते कुठे कोरलेलं नाही,
याकोबच्या आज्यानं चुना वाहिला, म्हणून माहीत.
नकाशात पागोळीच्या तोंडाशी राक्षस होता.
पैकूनं राक्षस पाहिला नव्हता.
मुकादम पाहिला होता.
दर आषाढात तो अजून
गाल फुगवून पाणी ओकतो.
खांबाच्या माथ्यावर विलायती पान हवं होतं,
झालरीसारखं कातरलेलं, एकात एक गुंतलेलं.
पैकूनं तीन पानं कोरली
आणि छिन्नी खाली ठेवली.
साहेब म्हणाला, बाकीची?
पैकू म्हणाला, पळसाला किती असतात?

छपराचा उतार साठ अंश.
मी दोनदा तपासला.
आमच्या पावसाला इतका लागत नाही,
उन्हाला तर उतारच लागत नाही,
ते सरळ आत येतं.
पैकूनंही विचारलं होतं, काहून इतकं उभं?
साहेबानं हातानं दाखवलं:
वरून पांढरं पडतं, हळू, आवाज न करता,
साचतं, आणि मग घसरून जातं.
"गारा?"
गारा नाही.
पैकूनं आणखी विचारलं नाही.
न पाहिलेल्या गोष्टीसाठी
त्यानं सागाच्या तुळया तासल्या.

डिसेंबरात नाक्यावरची जिनिंग सुरू होते.
रात्रभर पंखे फिरतात, वारा इकडचा असतो,
आणि सकाळी छपरावर, मुकादमाच्या टकलावर,
घुबडाच्या भोकाच्या कडेला
कापसाची रुई बसलेली असते, बोटभर.
एका नाताळला झाडायला पोरगा चढवला
तर रूथबाई अंगणातून ओरडल्या,
"उतर खाली! त्याच्याचसाठी तं बांधलं हाय."

आता मे. छपरावर फक्त छप्पर आहे.
कौलं तापलेली, चार फुटलेली, तेही लिहिलंय.

पोर्च: दोन मीटर दहा आड येतो.
हे पेनानं लिहावं लागतं.
शेऱ्याचा रकाना अरुंद आहे, मी पेन्सिल काढते:
उतार कापसासाठी. योग्य आहे.
वरचे साहेब खोडतील, किंवा वाचणारच नाहीत.

"सोडू का?" याकोब विचारतात.
सोडा, म्हणते मी.
टेप फरशीवरून सळसळत माझ्याकडे येते.
कुत्री एकदाची उठते,
सावली सरकली आहे तितकीच सरकते,
आणि पुन्हा बसते.